नदी अजून चांगली आहे? मग आत्ताच कागद करा

तीन वर्षांपूर्वी एका सरकारी ऑफिसात अर्ज घेऊन गेलो होतो, कुठलं खातं ते राहू दे. अर्ज एवढाच की आमच्या वाडीखालून जाणाऱ्या नदीच्या साताठ किलोमीटरच्या पट्ट्याला काहीतरी कायदेशीर संरक्षण द्या. टेबलावरच्या साहेबांनी अर्ज वाचला, उलटा करून मागे काही आहे का बघितलं आणि विचारलं, "तक्रार काय आहे?"

"तक्रार नाही साहेब, नदी चांगली आहे."

"मग?"

"चांगली आहे तोवर काहीतरी करा म्हणतोय."

साहेब हसले, वाईट नव्हते बिचारे. म्हणाले, "प्रदूषण झालं की या."

त्या दिवशी डोक्यात जे बसलं ते अजून गेलेलं नाही, म्हणून हे लिहितोय. घाण नदीसाठी आपल्याकडे यादी असते, निधी असतो, समिती असते. केंद्रीय प्रदूषण मंडळाने २०२२ मध्ये देशातले प्रदूषित पट्टे मोजले तर ते ३११ निघाले आणि त्यातले सगळ्यात जास्त, ५५, आपल्या महाराष्ट्रात. पण ज्या नद्या या यादीत नाहीत, ज्यांचं पाणी मे महिन्यातही ओंजळीने पिता येतं, त्यांची यादी कुठाय? नाहीच. आणि ज्याचं नाव कुठल्याही कागदावर नाही ते वाचवायला कोर्टात गेलात तरी वकील पहिला प्रश्न विचारतो, पुरावा काय?

मी संगमेश्वर तालुक्यातला, नोकरीला पुण्यात, शिमगा, मे महिना आणि गणपती गावाला. आमची नदी शास्त्री, प्रचितगडाच्या बाजूला सह्याद्रीत उगम, संगमेश्वरावरून खाली फुणगूसच्या खाडीत आणि जयगडला समुद्र. उपनद्यांवर धरणं झालीत पण मुख्य प्रवाहावर मोठं धरण नाही, कोकणातल्या नदीला हे आता नशीबच म्हणायचं. शेजारच्या वाशिष्ठीचं बघा, तिच्यात कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी, येऊन पडतं म्हणजे तिचं पाणी कधी वाढणार ते वीजघर ठरवतं. तर पुढचं जे लिहितोय ते आमच्या अनुभवातून, काही जमलं, बरंच फसलं, तुमची नदी वेगळी असेल तर तुमच्या हिशोबाने घ्या.

आधी कायद्यात भोक कुठे आहे ते समजून घ्या

लोकांना वाटतं एवढे कायदे आहेत, नदीला नक्की कुठलातरी लागू असणार. मलाही वाटायचं. आता नदी खालून वर चढत जा. भरतीचं पाणी जिथवर येतं तिथवर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, २०१९च्या नियमात खाडीच्या काठाला ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीएवढं, जे कमी असेल ते. भरती संपली की सीआरझेड संपलं. सगळ्यात वर, उगमाकडे, राखीव जंगल किंवा अभयारण्य असेल तर वनखात्याचे कायदे. आणि या दोन टोकांच्या मधे जी खरी नदी आहे, जिथे गाव राहतं, गुरं पाणी पितात, मासे अंडी घालतात, तिथे नदी म्हणून नदीला काही नाही. पाणथळ जागांचे नियम तरी लागतील म्हणून मी २०१७चे नियम काढून वाचले, तर व्याख्येतच लिहिलंय की नदीचं पात्र वगळून! म्हणजे तळं पाणथळ, नदी नाही. वाचून दोन मिनिटं गप्प बसलो होतो.

राहिला १९७४चा जलप्रदूषण कायदा. तो चांगला आहे, पण त्याची सगळी यंत्रणा कुणीतरी काहीतरी सोडतंय या गोष्टीभोवती फिरते. संमतीपत्र, सांडपाणी, नोटीस, दंड. कुणी काही सोडतच नसेल तर तो झोपलेला असतो.

महाराष्ट्रात एकेकाळी यावर एक बरी गोष्ट होती, आणि ही गोष्ट मोहीम करणाऱ्या प्रत्येकाने पाठ करून ठेवावी. रिव्हर रेग्युलेशन झोन, आरआरझेड. २००० मध्ये राज्य सरकारने हे धोरण आणलं, २००९ मध्ये सुधारलं. पाण्याच्या प्रतीप्रमाणे नदीचे पट्टे ए-१ ते ए-४ असे पाडले आणि जेवढं पाणी चांगलं तेवढे नियम कडक. ए-१ म्हणजे सगळ्यात स्वच्छ, त्याच्या दोन्ही काठांना ३ किलोमीटरपर्यंत कारखाना नाही, त्यापुढे ८ किलोमीटरपर्यंत लाल गटातला, म्हणजे सगळ्यात जास्त घाण करणारा, उद्योग नाही. चांगल्या नदीला जास्त संरक्षण, घाण नदीला कमी, म्हणजे आपल्याला हवं तेच. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे धोरण रद्द झालं. विधानसभेत मतदान वगैरे काही नाही, कारण तो कायदा नव्हताच, सरकारी निर्णय होता. सरकारी निर्णय एका सहीने येतो आणि एका सहीने जातो, त्यामुळे तुमच्या मागणीत "धोरण" हा शब्द असेल तर तो खोडून "कायदा" किंवा निदान "अधिसूचना" लिहा.

नोंद करा, पण भावना नको

पहिलं काम नदीकाठी चालत जायचं, आणि चालताना एखादा म्हातारा माणूस बरोबर पाहिजे. आम्ही भाऊकाकांना घेतलं, वय ७८, पाय आमच्यापेक्षा खंबीर. आम्हाला नदी म्हणजे एक निळी रेघ वाटायची, त्यांनी साडेसहा किलोमीटरमध्ये २३ जागांची नावं सांगितली. कुठला डोह उन्हाळ्यात आटत नाही, कुठल्या पऱ्याचं (ओढ्याचं) पाणी कधी येऊन मिळतं, पहिल्या पावसात चढणीचे मासे कुठल्या कातळावरून उड्या मारत वर जातात आणि कुठून वळून शेतात शिरतात, कुठे पाग टाकायचा नाही कारण तिथे देवीचं पाणी. प्रत्येक जागी मोबाइलवर लोकेशन घेतलं, फोटो घेतला, नाव लिहिलं, काकांचं बोलणं रेकॉर्ड केलं. घरी येऊन हे सगळं गटनंबरच्या नकाशावर बसवलं. तलाठ्याकडे गावनकाशा मिळतो, त्याची झेरॉक्स मोठी करून घ्या, सरकारी माणसाला गुगलच्या नकाशापेक्षा गटनंबर लवकर समजतो.

दुसरं, पाणी. "आमचं पाणी अमृत आहे" याला किंमत शून्य. आकडे पाहिजेत. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या वर्गवारीत सगळ्यात वरचा वर्ग 'अ', म्हणजे फक्त निर्जंतुक करून पिता येईल असं पाणी. त्याचे निकष: विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ६ मिलिग्रॅम किंवा जास्त, बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) २ किंवा कमी, पीएच साडेसहा ते साडेआठ, आणि एकूण कोलिफॉर्म जंतू १०० मिलिलिटरमागे ५०च्या आत. शेवटचा निकष गुरंढोरं असलेल्या गावात अवघड जातो, लपवू नका, आहे ते लिहा. बहुतेक ग्रामपंचायतींकडे जलजीवन मिशनमधलं पाणी तपासायचं किट असतं, आमच्याकडे ते कपाटात सील न फोडता पडलेलं होतं, जलसुरक्षकाला चहा पाजला आणि सुरुवात केली. त्यात बीओडी कळत नाही, त्यासाठी नमुना मान्यताप्राप्त लॅबमध्ये पाठवावा लागतो, बर्फात ठेवून, त्याच दिवशी. आमचा पहिला नमुना एसटीत विसरला. दुसरा पोचला.

वर्षातून तीनदा करा: मे अखेर, गणपतीनंतर, आणि जानेवारीत. एका दिवसाचा आकडा म्हणजे फोटो, तीन वर्षांचे आकडे म्हणजे पुरावा.

आणि एक गोष्ट मला फार आवडली ती सांगतो. शाळेतल्या पोरांना घेऊन गुडघाभर वाहत्या पाण्यातले दगड उलटे केले. दगडाच्या खालच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी नळी चिकटलेली, वाळूचे कण एकेक करून चिकटवलेली, एवढी नीट की कुणी गवंड्याने बांधली असं वाटावं, आणि आत अळी. ही कॅडिसफ्लायची अळी. बाजूला तीन शेपट्यांची मेफ्लायची पिल्लं. घाण पाण्यात या मंडळींचा निभाव लागत नाही, त्यामुळे दगडाखाली ती भरपूर दिसली तर पाणी चांगलं याचा तो जिवंत दाखला, आणि याला किटही लागत नाही, पांढरी थाळी आणि भिंग पुरे. एका पोराने थाळीत बघून विचारलं, "याचा सातबारा कुणाच्या नावावर?" मी तेव्हा हसलो, पण तो प्रश्न तेवढा हसण्यावारी नेण्यासारखा नाहीये.

गाव आधी, ऑफिस नंतर

इथे आम्ही सगळ्यात मोठी चूक केली. आधी पुण्यातून मेल पाठवले, पेपरात पत्र छापून आणलं, आणि मग गावात गेलो. गावात बातमी आधीच पोचलेली, की अमक्याचा मुलगा गाव इको सेन्सिटिव्हमध्ये घालतोय, आता घराची कौलं बदलायलाही परवानगी लागणार, आंब्याची फांदी तोडली की वनखातं येणार. ग्रामसभेत दीड तास शिव्या खाल्ल्या. आमच्या चुलत्यांनीच सुरुवात केली. आणि खरं सांगू का, ते चुकीचे नव्हते. पश्चिम घाट इको सेन्सिटिव्ह, म्हणजे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील, जाहीर करायच्या अधिसूचनेचा मसुदा मार्च २०१४ पासून पुन्हापुन्हा निघतोय, सहावा ३१ जुलै २०२४ला आला, त्यात महाराष्ट्राचं १७ हजार चौरस किलोमीटरच्या वर क्षेत्र, आणि इतक्या वर्षांत गावागावात जाऊन मराठीत नीट समजावलं कुणी? लोक ऐकीव माहितीवर घाबरणारच.

परदेशातलं एक उदाहरण सांगतो, कारण ते आपल्याला चपखल बसतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने २००५ मध्ये खास अस्पर्श नद्यांसाठीच कायदा केला, वाइल्ड रिव्हर्स ॲक्ट. जगात असे कायदे मोजकेच. पण केप यॉर्क भागातल्या मूळनिवासी लोकांचं म्हणणं पडलं की आमच्या नद्या आम्हाला धड न विचारता जाहीर केल्या. तिथले काही जण कोर्टात गेले आणि २०१४ मध्ये फेडरल कोर्टाने तीन नद्यांच्या घोषणा बेकायदा ठरवल्या, कारण लोकांचं म्हणणं ऐकायला पुरेसा वेळच दिला नव्हता. त्याच वर्षी अख्खा कायदा रद्द झाला. कायदा करायला पाच-दहा वर्षं घालवायची आणि काठावरच्या माणसाला विचारलं नाही म्हणून तो उडायचा, याच्याएवढं वाईट काही नाही.

मग दुसऱ्या खेपेला आम्ही उलटं केलं. वाडीवाडीत बसलो, भाषण नाही, फक्त विचारलं की नदीचं तुम्हाला काय लागतं. बायकांनी सांगितलं धुण्याची जागा. शेतकऱ्यांनी उन्हाळी भाजीला लावलेला पंप. गरी टाकणाऱ्यांनी मासे. गुराख्यांनी उतरायची वाट. स्मशान, गणपती विसर्जन, देवीचं स्नान. ही सगळी यादी लिहून घेतली आणि सांगितलं की याला हात लागणार नाही, हे ठरावातच लिहू. मग विचारलं काय नको. त्याची उत्तरं आपोआप आली: वाळू ओढणारा सक्शन पंप नको, पावडर टाकून मासे मारणारे नकोत, वरच्या अंगाला केमिकल कंपनी नको. दीड वर्षापूर्वी ज्यांनी शिव्या दिल्या त्यांनीच ठराव मांडला.

वाळूवाल्यांचं काय? प्रत्येक गावात दोनचार घरं त्यावर चालतात आणि ती पोरं आपलीच असतात. त्यांना गुन्हेगार ठरवून सुरुवात केलीत तर मोहीम संपली. फावड्या-घमेल्याने घरकामाला काढलेली वाळू आणि रात्रीत शंभर ब्रास ओढणारा पंप यात फरक करा आणि तो ठरावात लिहा.

ठरावाचा आमचा मजकूर देतो, हवा तसा बदला:

"आमच्या हद्दीतून वाहणारी शास्त्री नदी, गट नंबर अमुक ते अमुक, हिचं पाणी आजही पिण्यासाठी, शेतीसाठी व गुरांसाठी वापरात आहे. या पट्ट्यात यांत्रिक वाळू उपसा, उद्योगाचं सांडपाणी, स्फोटकं किंवा विष वापरून मासेमारी आणि ग्रामसभेच्या संमतीशिवाय नदीचं पात्र बदलणारं बांधकाम होऊ नये. जैवविविधता व्यवस्थापन समितीने या पट्ट्याची नोंद लोक जैवविविधता नोंदवहीत करावी व तो जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर होण्याचा प्रस्ताव राज्य जैवविविधता मंडळाकडे पाठवावा. पारंपरिक मासेमारी, धुणं, गुरांचं पाणी, शेतीसाठीचा उपसा, स्मशान व देवकार्य चालू आहे तसं राहील."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, त्याच्यावरच हात वर होतात.

कोरम म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जे कमी असेल ते. गणपतीत चाकरमानी आले की सभा गच्च भरते असं वाटतं, पण निम्म्यांची नावं मुंबईच्या मतदारयादीत असतात, त्यांची सही चालत नाही, पुढे कुणी हरकत घेतली तर ठराव लटकतो. त्यामुळे २६ जानेवारी किंवा १ मेची सभा बघा, विषय आठवडाभर आधी लेखी देऊन अजेंड्यावर घ्या, "आयत्या वेळचे विषय" मध्ये ढकलू नका, आणि ग्रामसेवकाकडून ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात घ्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांची बदली होते. आमच्याकडे झाली.

आता कुठल्या दारावर टकटक करायची

नदीचा थेट कायदा नाही म्हटल्यावर आहे त्या कायद्यांच्या खुंट्या शोधायच्या. एका खुंटीवर सगळं ओझं टाकू नका, तीनचार धरा.

माझ्या मते छोट्या गावाला सगळ्यात सोपी खुंटी २००२चा जैवविविधता कायदा. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असायलाच पाहिजे, एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) जानेवारी २०२०ची मुदत घातल्यावर घाईघाईने सगळीकडे झाल्यात, पण बऱ्याच ठिकाणी सदस्यांनाच माहीत नाही की आपण सदस्य आहोत. आमच्या समितीतल्या एका वहिनींना हे मीच जाऊन सांगितलं! समितीकडची नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडं-प्राण्यांची यादी, काढून बघा, शेजारच्या तालुक्याची कॉपी निघण्याची शक्यता बरीच आहे, आमच्या वहीत कोकणात न दिसणारी झाडं होती. ती दुरुस्त करणं हेच पहिलं काम, भाऊकाकांची २३ नावं, मळे, वाम, शिंगटी, मरळ, कुठला मासा कधी आणि कुठे, सगळं त्यात घाला. आता ती तुमची हौस राहत नाही, सरकारी कागद होतो.

मग त्याच कायद्याचं कलम ३७, जैवविविधता वारसा स्थळ. इथे आंबोलीचं उदाहरण द्या, अधिकारी लगेच सावरून बसतात. हिरण्यकेशीच्या उगमाशी मंदिराच्या कुंडात एका छोट्या माशाची नवी जात सापडली, २०२०मध्ये ती जगापुढे आली, शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि पुढच्याच वर्षी सरकारने ती २.११ हेक्टर जागा वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. एवढुशा माशासाठी नदीचा उगम वाचला. आणि गावाला सांगायची खरी गोष्ट ही की वारसा स्थळाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लोकांच्या चालू वापरावर बंधन येत नाही, त्यांनी स्वतःहून ठरवलं तर गोष्ट वेगळी. देवाच्या नावाने राखलेला डोह असेल तर सोन्याहून पिवळं. महाडजवळ वाळणकोंडीला काळ नदीत, वाड्याजवळ तिळसेश्वरला वैतरणेत लोकांनी पिढ्यानपिढ्या मासे राखलेत, तिथे कुणी गरी टाकत नाही. कायदा नंतरचा, राखण आधीची.

दुसरी खुंटी वाळू. वाळूचे लिलाव ज्याच्या आधारावर होतात तो जिल्हा सर्वेक्षण अहवाल, त्याचा मसुदा २०१६च्या अधिसूचनेप्रमाणे जिल्ह्याच्या वेबसाइटवर २१ दिवस हरकतींसाठी ठेवावा लागतो. किती जणांना माहितीये? मला नव्हतं. महिन्यातून एकदा वेबसाइट उघडायची ड्युटी कुणालातरी लावा. त्या अहवालात तुमचा पट्टा वाळूगट म्हणून आला तर २१ दिवसांत गटनंबरसकट हरकत द्या, ठरावाची नक्कल जोडा. लिलाव झाल्यावर ओरडण्यापेक्षा हे हजारपट सोपं.

तिसरी, पूररेषा. जलसंपदा खातं निळी आणि लाल रेषा आखतं, निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही. शहरात लोक तिला शिव्या घालतात, आणि जिथे घरं आधीपासून आहेत तिथे त्यांचं दुखणं खरं आहे, पण वरच्या भागात जिथे काठ मोकळा आहे तिथे रिसॉर्ट यायच्या आधी रेषा आखून मागा.

जंगलाला लागून असाल आणि सामूहिक वनहक्क मिळाले असतील तर २००६च्या वनहक्क कायद्याचं कलम ५ वाचा, पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखायचा अधिकार थेट ग्रामसभेला आहे. विष किंवा सुरुंग टाकून मासे मारणं तर १८९७च्या कायद्यापासून गुन्हा आहे, पोलीस पाटलाला ते छापून द्या.

आणि मोठं उदाहरण मागितलं तर भागीरथी, म्हणजे गंगेचा हिमालयातला वरचा प्रवाह. गोमुख ते उत्तरकाशी हा नदीचा अख्खा पट्टा डिसेंबर २०१२ मध्ये पर्यावरण संरक्षण कायद्याखाली इको सेन्सिटिव्ह झोन जाहीर झालाय, त्यामागे पर्यावरण अभियंते प्रा. जी. डी. अग्रवालांची उपोषणं होती. म्हणजे नदीकेंद्री अधिसूचना या देशात होऊच शकत नाही असं कुणी म्हणालं तर हा कागद पुढे करायचा. हेच अग्रवाल गंगेसाठी १११ दिवस उपोषण करून ऑक्टोबर २०१८ मध्ये गेले, त्याच्या दोन दिवस आधी गंगेत किमान किती पाणी वाहतं ठेवायचं याची अधिसूचना निघाली होती. ती फक्त गंगेसाठी. कोकणातल्या नदीला किमान वाहतं पाणी किती, हा प्रश्न अजून कुणी कागदावर घेतलेला नाही, तुम्ही घ्या.

हरकत आणि जनसुनावणी

सरकारचा एखादा मसुदा निघाला की व्हॉट्सॲपवर हरकतीचा तयार मेल फिरतो, खाली नाव टाका आणि पाठवा. पाठवा, काही वाईट नाही, संख्या दिसते. ईआयएच्या, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासायच्या नियमांच्या, २०२०च्या मसुद्यावर लाखोंनी मेल गेले होते. पण तुमच्या नदीसाठी पाच हरकती वेगळ्या लिहा, प्रत्येकीत एकच मुद्दा, एकच जागा, एकच पुरावा. "पर्यावरणाचा ऱ्हास होईल" हे वाक्य कुणी वाचत नाही. "गट नंबर अमुकमधल्या डोहातून तीन वाड्यांची नळयोजना चालते, आणि अहवालात पान अमुकवर या भागात पिण्याच्या पाण्याचा स्रोत नाही असं लिहिलंय" याला उत्तर द्यावंच लागतं. आणि भाषेवर अडून बसा. त्याच २०२०च्या मसुद्याचं २२ भाषांत भाषांतर करा असं दिल्ली हायकोर्टाने सांगितलं होतं.

प्रकल्पाची जनसुनावणी लागली तर नोटीस ३० दिवस आधी पेपरात यायला हवी आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा. सभेला कोरम नसतो, म्हणजे तुम्ही गेला नाहीत तरी ती "झाली" असं धरलं जातं. त्यामुळे जा, लवकर जा, पुढच्या खुर्च्या धरा. कंपनीने आणलेली माणसं एसटीच्या आधी पोचलेली असतात. जोरजोरात घोषणा देऊन सभा उधळू नका, त्यात आपलंच म्हणणं नोंदलं जात नाही. बोला आणि तेच लेखी द्या, पोच घ्या. शेवटी इतिवृत्त सगळ्यांसमोर मराठीत वाचून दाखवायचं असतं, लोक तोवर जेवायला गेलेले असतात, चारपाच जण थांबवून ठेवा, आपला मुद्दा आला नाही तर तिथेच उभं राहून सांगा.

एक पळवाटही माहीत असू दे. २५ मेगावॉटच्या आतला जलविद्युत प्रकल्प आणि २००० हेक्टरपर्यंतचा सिंचन प्रकल्प यांना ईआयए लागतच नाही, सुनावणीही नाही. आणि कोकणातले बहुतेक प्रकल्प छोटे. म्हणूनच ठराव आणि नोंदवही आधीपासून तयार पाहिजे म्हणतोय.

माहिती काढायला माहिती अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, ३० दिवस, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, त्यामुळे निबंध लिहू नका. "अमुक नदीवर २०२० पासून प्रस्तावित बंधारे, धरणं व वाळूगटांची यादी, टिप्पणीच्या प्रतीसह" एवढं पुरे. उत्तर आलं नाही तर वीस रुपये लावून पहिलं अपील.

वरची लढाई

गावपातळीवरचे कागद झाले की मगच आमदाराकडे. रिकाम्या हाताने गेलात तर सत्कार आणि चहा मिळतो. पाच ग्रामपंचायतींचे ठराव घेऊन गेलात तर पीए वही काढतो. मागणी एका वाक्याची ठेवा: स्वच्छ आणि बिनधरणाच्या पट्ट्यांची राज्याने यादी करावी आणि त्यांना कायद्याने संरक्षण द्यावं, आरआरझेडसारखं अंतर ठरवून, पण या वेळी विधिमंडळात मंजूर करून. लगेच कायदा होणार नाही हे आपल्यालाही माहीत असतं. विधिमंडळात तारांकित प्रश्न विचारून घ्या, मंत्र्याचं उत्तर छापील येतं आणि ते पुढे दहा वर्षं उपयोगी पडतं. नागपूरचं हिवाळी अधिवेशन डिसेंबरच्या आसपास असतं, प्रश्न बरेच आठवडे आधी द्यावे लागतात, म्हणून दिवाळीच्या आधीच गाठा. कुठल्या पक्षाचा आमदार हे बघू नका, तीन पक्षांच्या तिघांना एकच कागद द्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने ७५ नद्यांसाठी 'चला जाणूया नदीला' अभियान काढलं होतं, तुमची नदी त्यात असेल तर त्याचे अहवाल मागून घ्या, त्यांच्याच कागदातलं वाक्य त्यांना वाचून दाखवता येतं.

कोर्ट सगळ्यात शेवटी. एनजीटीचं पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे, नुकसानभरपाई मागायची नसेल तर फी हजार रुपये, पण पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपील ३० दिवसांत करावं लागतं, आणि हे ३० दिवस वकील शोधण्यातच जातात. वकील आधी शोधून ठेवा.

आणि हो, रील. आमच्यातल्या एका उत्साही पोराने डोहाचा ड्रोन व्हिडिओ टाकला, "कोकणातला हिडन स्पॉट", लोकेशनसकट. दोन महिन्यांत शनिवार-रविवारी पंचवीस-तीस गाड्या, चिप्सची पाकिटं, फुटलेल्या बाटल्या, कुणीतरी मॅगीचा स्टॉलही टाकला. धरण आलं नाही, कारखाना आला नाही, आमच्याच मोहिमेने पहिला कचरा आणला. आता व्हिडिओत नदीचं नाव असतं, जागेचं नसतं, आणि वाटेवर वहिनींच्या बचतगटाचा बोर्ड आहे, त्यावर फक्त "पुढे रस्ता नाही" एवढंच लिहिलंय. रस्ता आहे.

आमचा वारसा स्थळाचा प्रस्ताव गेल्या मार्चमध्ये गेलाय, अजून काही उत्तर नाही, दर महिन्याच्या पाच तारखेला स्मरणपत्र जातं. मधे त्या पहिल्या ऑफिसात पुन्हा गेलो होतो, टेबलावर साहेब नवीन. विचारलं, "तक्रार काय आहे?" मी फाइल ठेवली, ठराव, नकाशा, नऊ वेळच्या पाण्याचे आकडे, नोंदवहीची पानं. त्यांनी बराच वेळ चाळली, नळ्या बांधणाऱ्या अळीच्या फोटोवर थांबले, आणि पोच दिली.